मोजणीदार आणि मागून येणारा

आमच्या घरात माझ्या उतावळेपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक मीच मीठमसाला लावून सांगत आलो आहे. ही मात्र पहिल्यांदाच सांगतो आहे. गेल्या महिन्यात, मार्चमधल्या एका दुपारी, चंडीगडच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी आणि आमची सौ. बसलो होतो. आत तिचा धाकटा भाऊ होता, अरविंद. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन. सकाळी येताना मी हलवायाकडून अर्धा किलो बर्फी बांधून घेतली होती. सौ.नं पुड्याकडे एकदा पाहिलं. दुपार कलल्यावर दार उघडलं आणि हिरव्या कपड्यांतला एक तरुण बाहेर येऊन म्हणाला, "अरविंदजी के साथ कौन है?" मी उठलो, दोरा सोडला, आणि तो पुढचं बोलायच्या आत त्याच्या हातावर बर्फीची वडी ठेवली. म्हटलं, "पहले मुँह मीठा कीजिए." तो तसाच उभा राहिला, वडीकडे बघत. मग त्यानं मूठ मिटली, वडी आत तशीच, आणि माझ्याकडे न पाहता सौ.शी बोलू लागला… शब्द मला ऐकूच आले नाहीत. तिनं माझ्या हातातून पुडा काढून घेतला आणि सुटलेला दोरा त्याच्याभोवती पुन्हा गुंडाळला, एवढंच दिसलं.

अरविंद माझा मेहुणा. सौ.पेक्षा बराच लहान. आई लवकर गेल्यामुळे हिनंच त्याला साताऱ्याच्या घरी न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आणि लग्न होऊन माझ्याकडे आली तेव्हा तोही सुट्टीसुट्टीला मागोमाग येत राहिला. मी केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीतला माणूस. बदली होऊन चंडीगडला आलो ते दोनतीन वर्षांसाठी, आणि मग इथेच रुजलो. काही वर्षांनी अरविंदला सेक्टर तीसमधल्या यंत्रं घडवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. त्या दिवशी सौ.नं आनंदानं पुरणपोळ्या केल्या आणि पहिल्या रविवारपासून त्याचं ताट आमच्याकडे ठरलं. लग्न त्यानं केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "दाजी, माझी यंत्रं रात्रीअपरात्री उठवत नाहीत." लहानपणी त्याला सांधे सुजून मोठा ताप आला होता, महिनाभर अंथरुणात होता, हे आम्हाला माहीत होतं. त्या तापानं आत काय करून ठेवलं आहे, ते मात्र माहीत नव्हतं.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी घरचा गोष्टीवेल्हाळ माणूस. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांना गोळा करून बसवण्याचं काम माझ्याकडे असे, कारण दुसरं कुठलंच काम कुणी माझ्यावर सोपवत नसे. माझ्या गोष्टींची एक ख्याती होती. त्यांत कुणी मरत नाही. राक्षसालाही मी शेवटी कुठल्यातरी देवळात पुजारी करून सोडतो. आणि शेवट दिसू लागला की मला धीर धरवत नाही. तीन डोंगर, दोन नद्या आणि एक लग्न मी दोन वाक्यांत उरकतो. मुलं डोळे चोळत विचारायची, "बस, हो गया?"

ऐंशी साली अरविंद सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेला. परत आला तेव्हा सौ.साठी शिजवायचं चिनी मातीचं भांडं, आमच्या नीतासाठी जीनची पँट, आणि माझ्यासाठी एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आला. पेटीत पातळ पुस्तकं, चौकटींचे कोरे कागद आणि चित्रविचित्र फासे होते. एक समोशासारखा चार बाजूंचा, एक वीस बाजूंचा, चिंचोक्याएवढा. खेळ असा की पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं नाही. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तू गुहेच्या तोंडाशी आहेस, काय करतोस? मी आत जातो. मग आत काय आहे ते सांगणाऱ्यानं सांगायचं, आणि वार लागला की चुकला, दार उघडलं की नाही, हे फाशानं ठरवायचं. तिकडची कॉलेजातली मुलं हा खेळ महिनोन्‌महिने खेळतात म्हणे. अरविंद म्हणाला, "दाजी, गोष्ट तुम्ही सांगा. नियम मी सांभाळतो."

खेळाला चारपाच जण लागतात. आम्हाला सगळ्या चंडीगडात मिळून एक मिळाला, तो म्हणजे अरविंद स्वतः. नीता पहिल्या रविवारी बसली, आणि "पापा, बोर है यार" म्हणून मैत्रिणीकडे निघून गेली. सौ.नं सांगितलं की तिला रोजच्या स्वयंपाकात पुरेसे फासे पडतात. मग आम्ही दोघंच उरलो. पुस्तकाप्रमाणे माणसाच्या अंगात जीव किती, हेही फासाच ठरवतो. अरविंदच्या वाट्याला आला दोन. पहिल्याच तळघरात उंदरांनी त्याला खाल्लं. माझ्या आयुष्यातला गोष्टीतला पहिला मृत्यू, आणि तोही उंदरांच्या हातून. मी ताबडतोब त्याला एका साधूच्या कमंडलूतून जिवंत करायला निघालो, तर तो म्हणाला, "नाही दाजी. मेला तो. आपण दुसरा माणूस घेऊ."

हा दुसरा माणूस त्यानं विचार करून घेतला. तलवार नको, मंत्र नकोत. राजानं राज्याच्या पार टोकाची, जिथे कुणी गेलेलं नाही तिथली जमीन मोजून आणायला धाडलेला मोजणीदार. खांद्यावर मोजणीची साखळी, सोबत एक गाढव. नाव काय ठेवू, विचारलं तर म्हणाला, नाव नको. नाव असलं की कुणीतरी हाक मारतं.

पाच जणांना गोष्ट सांगताना एखादा हसतो, एखादा जांभई देतो, निभून जातं. एकट्याला सांगणं फार अवघड. त्याचे डोळे सगळा वेळ तुमच्यावर असतात. तुम्ही कुठे पाणी घातलंत ते त्याला कळतं. भांडायला त्याला सोबती नाही, म्हणून वाटाड्याही मीच, सरायवालाही मीच, गाढवसुद्धा मीच. सौ. स्वयंपाकघरातून म्हणायची की गाढव सगळ्यांत चांगलं जमतं तुम्हाला. पण ते रविवार चांगले होते. आमचं शहर असं की इथे हरवायची सोय नाही. सरळ रस्ते, चौकोनी सेक्टर, प्रत्येकाला आकडा. तेरा आकडा तेवढा अशुभ म्हणून मूळ आखणीतच गाळलेला. अरविंद म्हणायचा, आपला मोजणीदार त्या तेराव्या सेक्टरात चाललाय.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. जेवणानंतरच्या टेबलावर आम्ही बसलो होतो, मोजणीदार एका ओसाड माळावर पोचला होता आणि मला पुढचं काही सुचेना. मी खिडकीतून खाली पाहिलं. भर दुपारी रस्त्यावर एक माणूस चालला होता, आणि त्याच्यामागे बऱ्याच अंतरावर दुसरा. मी म्हटलं, "मोजणीदारा, तुझ्या मागून कुणीतरी येतंय."

एरवी अशा वेळी त्याचा हात फाशाकडे जायचा. त्या दिवशी गेला नाही. त्यानं विचारलं, किती साखळ्या मागे. मी वाटेल तो आकडा सांगितला, वीस. दिसतो कसा? लांब आहे, दिसत नाही. मी थांबलो तर? तोही थांबतो. अरविंद खुर्चीत मागे टेकला आणि बराच वेळ सुपारी चघळत बसला. मग त्यानं या नव्या पाहुण्याचे नियम स्वतः घातले. दर रविवारी सुरुवातीला फासा टाकायचा. आकडा लहान पडला की तो जवळ येणार. मोठा पडला तर आहे तितकाच लांब राहणार. "आणि मागे?" मी विचारलं. तो म्हणाला, "मागे तो कधी जात नाही."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याला त्याच्या झडपेचं सांगितलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

खुणा नव्हत्या असं नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्या दिवसांत अरविंद जिन्याच्या वळणावर थांबून बुटाची नाडी बांधायचा. मी वरून हाक मारली की, आलो दाजी, नाडी सुटली. एकदा तो चपला घालून आला होता, तरी वळणावर वाकला. मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, सवय झाली बिचाऱ्याला… माझ्या चौकस बुद्धीची एवढीच धाव.

दिवाळीच्या फराळाला मंडळात इस्पितळातल्या एक मराठी डॉक्टरीणबाई भेटल्या. सख्ख्या बहिणीला ठाऊक असणारच असं धरून त्यांनी सौ.ला सहज विचारलं, भावाच्या ऑपरेशनचं काय ठरलं. घरी आल्यावर ही शालसुद्धा न काढता पलंगाच्या कडेवर बसली. हळूहळू तिनं मला सांगितलं. ऑपरेशन केलं नाही तर झडप फार दिवस साथ देणार नाही. केलं तर जगेल, पण टेबलावर काय होईल त्याची खात्री कुणी देत नाही. आणि अरविंद होही म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. ही म्हणाली, "मला काळजी नको म्हणून तो माझ्याशी बोलायचा नाही. तुमचं ऐकतो तो. तुम्हीच वळवा त्याला, गोष्टीतून वळवा हवं तर."

आता मी काय केलं, तर जे माझ्यासारखा माणूस करतो तेच केलं. पुस्तकात लिहिलंय की गोष्ट सांगणाऱ्यानं काही फासे आडोशामागे टाकावेत. आमचा आडोसा म्हणजे हिचा पोळपाट, टेबलावर उभा करून ठेवलेला. दर रविवारी मी पोळपाटामागे तो वीस बाजूंचा फासा टाकायचो, पडलेल्या आकड्याकडे न बघता उचलायचो, आणि तोंडभर हसून सांगायचो, मोठा पडला रे, आहे तिथेच आहे तो. शिवाय मोजणीदाराच्या वाटेत मी जागोजागी पूल घालू लागलो. डगमगणारे, खाली खोल दरी, पण जो धीर करून पाऊल टाकतो तो सुखरूप पलीकडे जातो. असे तीन पूल त्या माळरानावर मी बांधले. नदी एकही नव्हती.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी पोळपाटामागून नेहमीसारखं हसून आकडा सांगितला, तर अरविंदनं हात पुढे करून पोळपाट आडवा केला. रागानं नाही. पापड लाटायला घ्यावा तसा.

"दाजी, मी यंत्रवाला आहे," तो म्हणाला. "यंत्र बिघडलं की कधी इकडे चुकतं, कधी तिकडे. सारखं एकाच बाजूला चुकत असेल, तर कुणीतरी काटा धरून ठेवलेला असतो."

मी काहीतरी पुटपुटलो.

"ताईला कळलंय ना?"

मी मान हलवली. आत पाण्याचा नळ बंद झाला. ही दाराच्या पलीकडे उभी आहे, हे आम्हा दोघांनाही समजलं.

त्यानं आडवा पोळपाट टेबलाच्या कडेला सारला. मग म्हणाला, "प्रयोगशाळेत सगळे माझ्याशी जपून बोलतात. डॉक्टरही जपून बोलतात. एका ठिकाणी तरी तो त्याच्या चालीनं येऊ दे, दाजी. मला बघायचंय, तो येत असताना मला चालता येतं का." आणि हसून म्हणाला, "आणि ते पूल काढा आधी. तुमच्यासारखा ठेकेदार सरकारलाही परवडायचा नाही."

त्या दिवसापासून फासे उघड्यावर आले. खेळही उघड्यावर आला, कारण थंडी पडली आणि रविवारी जेवणानंतर अख्खी बिल्डिंग गच्चीवर उन्हाला जाऊ लागली. मी दुपारचा गच्चीवर बसून हातवारे करून गोष्ट सांगतो आहे, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या भल्लांच्या बीजी मटार सोलता सोलता थांबल्या. म्हणाल्या, "दिने बातां नहीं पाईदियां, पुत्तर. राही राह भुल्ल जांदे ने." त्यांच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा सांगितली की वाटेवरचे प्रवासी वाट चुकतात. अरविंद त्यांना म्हणाला, बीजी, आमचा प्रवासी वाट मोजत चाललाय, तो कसा चुकेल? बीजी हसल्या नाहीत. त्यांनी मटारांची परात उचलली आणि पलीकडच्या कठड्यापाशी जाऊन बसल्या.

आणि आकडे लहान पडू लागले. उघड्या उन्हात, चटईवर, सगळ्यांदेखत. मी किती वेळा मनातल्या मनात फाशाला म्हटलं, अरे गोट्या, एकदा तरी मोठा पड. तो पडायचा लहानच. मागून येणारा जवळ येत गेला आणि मला त्याचं वर्णन करावं लागू लागलं. लांब होता तोवर सोपं होतं. जवळ आल्यावर अरविंद विचारायचा, आता काय दिसतं? मी सांगितलं, त्याच्या खांद्यावर काही ओझं नाही. पुढच्या खेपेला, तो मोजणीदाराच्याच पावलांवर पाऊल ठेवत येतोय. त्याच्या पुढच्या खेपेला सांगून बसलो की रात्री मोजणीदार झोपतो तेव्हा तोही बसतो, पण आडवा होत नाही. हे कुठून येत होतं, देव जाणे. सांगताना माझ्याच अंगावर काटा यायचा. अरविंद मात्र ऐकून मान डोलवायचा, साखळी उचलायचा आणि म्हणायचा, बरं, पुढची मोजणी. रोजची जमीन तो मोजतच होता. कागदावर नकाशा वाढत होता. कधी तो बोलता बोलता थांबायचा, श्वास जमवायचा, आणि मी गाढवाच्या आवाजात काहीतरी बडबडून ती जागा भरून काढायचो.

जानेवारीत एकदा कचेरीतून सायकलवरून परत येत होतो. दाट धुकं होतं, संध्याकाळी पाचलाच दिवे लागलेले. सरळ रस्ता, कुणी नाही, आणि माझ्या मागे कुणीतरी. मी हळू केलं, त्यानं हळू केलं. मी थांबलो, तो थांबला. माझी मागे वळून बघायची छाती झाली नाही. शेवटी मागून आवाज आला, "बाऊजी, चलो ना, आपके पीछे पीछे रास्ता दिख रहा है." दूधवाला होता. माझ्या सायकलच्या मागच्या लाल काचेवर नजर ठेवून येत होता. घरी येऊन हे मी रंगवून सांगितलं. नीता हसली. सौ. हसली नाही.

हिचं एक मला तेव्हा जाणवलं होतं. दिवाळीपासून दर शनिवारी ही मला विचारायची, उद्या त्याच्याशी बोलणार ना, काहीतरी सुचवणार ना? संक्रांत झाली आणि तिनं विचारणं सोडलं. रविवारी अरविंदच्या ताटात त्याच्या आवडीचं वाढायची, अळणी स्वयंपाक करायला शिकली, आणि खेळ सुरू झाला की लोकरीचं विणकाम घेऊन जरा लांब बसायची. मी समजलो, बिचारीनं आशा सोडली. आता जे काही आहे ते आपल्यावर आहे. मग मी सोमवारपासूनच पुढच्या रविवारची जुळवाजुळव करू लागलो. कचेरीत समोर हिशेब आणि डोक्यात एकच विचार… मोजणीदारानं पळणं सोडून मागे वळलं पाहिजे. तो मागे वळला, तर अरविंद हो म्हणेल. असं मला का वाटत होतं, सांगता येणार नाही. पण पक्कं वाटत होतं. मी माळावरची वाट अरुंद करत नेली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कडा, पुढे जमीन संपत आलेली.

मार्चच्या सुरुवातीचा रविवार. थंडी ओसरली होती, गच्चीवर आता आम्ही दोघं आणि विणकाम घेऊन ही, एवढीच. अरविंदनं फासा टाकला. मी आकडा पाहिला. आता मध्ये एकही साखळी उरली नव्हती. पुस्तकाप्रमाणे अशा वेळी दोघांनी फासे टाकायचे असतात, पहिला वार कुणाचा ते ठरवायला. मी फासा त्याच्यापुढे केला. त्यानं घेतला नाही.

"मी साखळी खाली ठेवतो," तो म्हणाला. "आणि मागे वळतो."

इतक्या महिन्यांची मेहनत फळाला आली होती! आणि माझा स्वभाव आडवा आला. मी धडाधड सांगत सुटलो की तो तर राजाचा दूत, मोजणी पुरी झाली असं कळवायला बिचारा केव्हाचा मागे मागे येतोय, घरी पालखी तयार आहे, आणि… अरविंदनं हात वर केला.

"थांबा दाजी. घाई करू नका. तो फार लांबून आलाय." मग माझ्याकडे नाही, समोरच्या रिकाम्या चटईकडे बघत तो म्हणाला, "दारी आलेल्याला आधी नाव विचारत नाहीत. आधी पाणी विचारतात. मी त्याला पाणी विचारतो."

त्यानं गाढवाच्या पाठीवरची पखाल सोडली, गुळाचा खडा काढला, हे सगळं मला सांगितलं, अगदी बारीकसारीक. मी त्या माणसाला पाणी प्यायला लावलं. तो पितो, मी म्हटलं. "किती पितो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सगळं. अरविंदनं मान हलवली. म्हणाला, आज इथेच थांबू. त्याचं तोंड आपण नंतर बघू.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो आला आणि जिन्यात न थांबता, पण हळूहळू, वर येऊन त्यानं सांगितलं की पुढच्या आठवड्यात दाखल होतोय. ऑपरेशनला हो म्हटलंय. सौ.नं देवापुढे दिवा लावला. आणि मी? मी त्या आठवड्यात कचेरीत छाती काढून चालत होतो. जे डॉक्टरांना जमलं नाही, सख्ख्या बहिणीला जमलं नाही, ते माझ्या गोष्टीनं केलं होतं. माझ्या गोष्टीत कुणी मरत नाही, म्हणून तर मी बर्फी बांधून घेतली…

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. साताऱ्याहून माणसं आली, दिवस झाले, माणसं गेली. प्रयोगशाळेतल्या सोबत्यांनी त्याची खोली आवरायला मदत केली. फासे आणि नकाशाचे कागद आमच्या टेबलावर येऊन पडले. नकाशा त्यानं फार सुंदर काढला होता, एका टोकाला जमीन संपते तिथे त्यानं फक्त बारीक ठिपके दिले होते. भल्लांच्या बीजी येऊन बसल्या, रडल्या, त्या दुपारच्या गोष्टींबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पण मला त्यांचं न बोललेलं ऐकू येत होतं. मी त्याला वळवलं होतं. तो चालत होता, चालत राहिला असता. वर्ष, दीड वर्ष, कोण जाणे. मीच वाट अरुंद केली, मीच पुढची जमीन संपवली. मी झोपेतून दचकून उठायचो. सायकलवरून जाताना दहादा मागे वळून बघायचो. मागे कुणीही नसायचं, आणि त्याचंच भय वाटायचं. ज्याला पोचायचं होतं तो पोचला होता.

गेल्या रविवारी जेवणं झाली. नीता अभ्यासाला गेली. मी त्या टेबलाशी बसून राहिलो, फासा हातात घ्यायचा धीर होत नव्हता. ही समोरच्या खुर्चीवर येऊन बसली, अरविंदच्या. मग मी तिला सगळं सांगितलं. पूल, अरुंद वाट, कडे, सगळी माझी कारस्थानं. म्हटलं, तू सांगितलंस म्हणून नव्हे, मला माझ्या गोष्टीचा गर्व होता म्हणून मी त्याला मागे वळायला लावलं. त्याचं हो माझ्यामुळे आलं.

ती ऐकत होती. मध्येच उठून आत गेली, मला वाटलं रडायला गेली. पण पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा बसली.

"तुमच्यामुळे नाही आलं," ती म्हणाली. "संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आला होता, तुम्ही कचेरीत होतात. तेव्हाच मला सांगितलं त्यानं. हो म्हणून झालं होतं, डॉक्टरांनी मार्च दिला होता, थंडी गेल्यावर. मी म्हटलं, चल, यांना सांगू, यांचा जीव भांड्यात पडेल. तर म्हणाला, ताई, दाजींना इतक्यात सांगू नकोस. ते गोष्ट घाईनं संपवतील, आणि मला ती मार्चपर्यंत पुरवायची आहे."